पसारा आवरायचा कुणी? साडेतीन वर्षांची मुलगी, तिची आज्जी आणि कपाटावरचे क्राफ्ट किट

हे प्रकरण आमच्या बालवाडीत जूनमध्ये दाखल झालेल्या एका मुलीचं आहे. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

लहान मुलांसाठी ‘पसारा न होणारे’ म्हणून जे क्राफ्ट किट मिळतात, त्याबद्दल पालक नेहमी विचारतात. घ्यावेत का? घेतले तर कुठले? माझं म्हणणं असं की किटच्या आधी घर बघावं. मूल दुपारभर कुणाजवळ असतं, सांडलेलं कोण पुसतं आणि त्या माणसाला किती झेपतं, हे कळल्याशिवाय कुठल्याच किटला चांगला किंवा वाईट म्हणता येत नाही. या घरात ही गोष्ट अगदी उघड दिसली, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

घर

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या घराचा वरचा मजला. दोन खोल्या, मागे मोरी. खाली घरमालक राहतात आणि भिंतींना गेल्याच वर्षी रंग दिलेला. वडील शिरोलीला एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, पाळी दर आठवड्याला बदलते. आई एका दवाखान्यात रिसेप्शनवर. सकाळी निघते ती संध्याकाळी सातच्या सुमाराला घरी पोचते. बालवाडी सुटली की रिक्षावाले काका मुलीला सोडतात आणि तिथून पुढचा सगळा दिवस ती आज्जींजवळ.

आज्जी पासष्टीच्या पुढच्या. दोन्ही गुडघे दुखतात. खाली बसल्या तर उठताना भिंतीला हात लावावा लागतो. पूर्वी गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. ते मशीन अजून खिडकीपाशी आहे, त्यावर आता कपड्यांच्या घड्या असतात. नातीवर त्यांचा जीव आहे. तिला भरवतात, न्हाऊ घालतात, गोष्टी सांगतात. खांद्यावर कायम एक ओलं फडकं असतं.

बालवाडीत काय दिसलं

आषाढात बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, येतो. त्याच्या आधी आम्ही बालवाडीत शाडू आणतो आणि मुलं आपापले बैल करतात. बहुतेकांचा बैल म्हणजे एक गोळा आणि त्याला टोचलेल्या चार काड्या, पण त्या गोळ्यात हात कोपरापर्यंत माखलेले असतात. ही मुलगी मात्र पाटापासून दोन पावलं मागे उभी राहिली. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, बोटं फाकवलेली. मी बोलावलं तेव्हा आली, एका बोटाचं टोक मातीला लावलं आणि लगेच ते बोट माझ्यापुढे धरून म्हणाली, “पुसा.”

पुढच्या काही दिवसांत मी तिच्याकडे मुद्दाम लक्ष ठेवलं. डिंक बोटाला लागला की रडू. खडूने रेघा ओढायला आवडायचं, पण मेणाचा एखादा कण तळहाताला चिकटला की हात थांबायचा आणि ती पुसणाऱ्या माणसाची वाट बघत बसायची.

अशा वेळी एक गोष्ट आधी तपासावी लागते. काही मुलांना स्पर्शच सोसत नाही. त्यांना कपड्याची शिवण टोचते, केस कापायला बसवत नाही, ठरावीक पदार्थ तोंडात धरवत नाहीत, अंघोळीचा रोज तमाशा होतो. असं सगळ्या बाजूंनी दिसत असेल तर बालरोगतज्ज्ञांना किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टना (रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञांना) दाखवायला हवं. बालवाडीतल्या बाईंनी घरगुती उपाय करत बसू नये. इथे तसं नव्हतं. अंघोळीला ती खुशाल साबणाचा फेस अंगभर चोपडायची, दहीभात आवडीने खायची, लोकरी टोपी दिवसभर घालायची. अडचण हाताला काहीतरी चिकटून राहण्याची होती. आणि हात माखला की कुणीतरी पुसायचं असतं, हे ती घरात शिकली होती. म्हणून घरी जाऊन बघायचं ठरवलं.

कपाटावर

गृहभेटीला गेले तेव्हा पाऊस लागून राहिला होता. त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होती, शाळांना सुट्ट्या पडल्या होत्या आणि मुलगी दिवसभर घरात. आज्जींनी तिला मोबाईल लावून दिला होता. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, “बाई, पोरगी खेळू दे की, मी कुठं नको म्हणतीया? पण सांडल्यावर वाकायचं कुणी? माझं गुडघं धरत्यात. आणि भितीला डाग पडला तर खालचं मालक बोलणार मला.”

मग त्यांनी कपाटावर बोट दाखवलं. तिथे आईने ऑनलाइन मागवलेले किट एकावर एक ठेवले होते. स्टुलावर चढून मीच खाली काढले. आई दुपारी घरात नसते, ती रुखरुख तिला असते. रात्री मुलगी झोपल्यावर मोबाईलवर बघून तिने एकेक मागवला होता. प्रत्येक खोक्यावर पसारा होणार नाही असं लिहिलेलं. हेतू चांगलाच होता. पण खोक्यातल्या सूचना सगळ्या इंग्रजीत. आज्जी मराठी वर्तमानपत्र रोज वाचतात, इंग्रजी येत नाही. आई सातला येणार, किट उघडणार आज्जी, आणि सूचना आज्जींना वाचता येणार नाहीत. एवढ्या एका कारणाने निम्मा माल न उघडता पडून होता. किट बनवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. आपल्याकडे कितीतरी घरांत दुपारी लहान मूल आज्जी-आजोबांजवळ असतं.

मग आम्ही दोघींनी बसून एकेक किट उघडला.

पहिलं पाण्याने उमटणारं पुस्तक. पेनात पाणी भरायचं, पांढऱ्या पानावर फिरवायचं, की रंगीत चित्र दिसायला लागतं. चित्र मुळात छापलेलंच असतं. त्याच्यावर पांढरा, सच्छिद्र थर दिलेला असतो. थर कोरडा असताना त्यातल्या बारीक कणांमध्ये हवा असते, प्रकाश विखुरतो आणि पान पांढरं दिसतं. पाणी शिरलं की हवेची जागा पाणी घेतं, प्रकाश आरपार जातो आणि खालचा हत्ती दिसतो. पान वाळलं की हत्ती परत गुप्त. युक्ती सुंदर आहे आणि पेन धरण्याचा, मनगट फिरवण्याचा सराव त्यातून होतो. डाग पडायला रंगच नाही, त्यामुळे आज्जींना ते पसंत पडलं. पण मुलाने काहीही केलं तरी निघणार तो छापलेलाच हत्ती. पहिल्यांदा नवल, दुसऱ्यांदा मजा, चौथ्या-पाचव्या वेळी मूल फक्त पान भिजवत असतं. शिवाय जुलैमधल्या कोल्हापूरच्या दमट हवेत पान लवकर वाळत नाही. पंख्याखाली ठेवलं तर कडा वळतात. पेनातलं पाणी रोज ओतून टाकून पेन उघडं ठेवावं लागतं, नाहीतर त्याला वास मारतो.

दुसरा किट खरवडून चित्र काढायच्या काळ्या कागदांचा. लाकडी काडीने खरवडलं की खालचे रंग दिसतात. यात मुलाची स्वतःची रेघ उमटते ही मोठी गोष्ट. पण काळ्या थराचा बारीक चुरा पडतो. तो फरशीवर, फ्रॉकवर आणि तळहातावर जातो आणि ओल्या फडक्याने पुसला तर आणखी पसरतो. आमच्या मुलीने दोन रेघा ओढल्या, हात पाहिला आणि पुढे केला. हे खोकं सरळ तिच्या तिसरीतल्या आत्तेभावाला द्यायला सांगितलं.

तिसऱ्यात चमकणारे बारीक खडे एकेक उचलून चित्रावर चिकटवायचे होते. खोक्यावर वय सहा वर्षांच्या पुढचं लिहिलेलं, आयएसआय चिन्ह कुठेही नाही. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना हे चिन्ह सक्तीचं झालं आहे, तरी खोकं उलटून ते बघणारे पालक मला कमीच भेटतात. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच व्यासाची एक छोटी नळी वापरतात. जो तुकडा दाबल्याशिवाय तिच्यात पूर्ण मावतो, तो त्या वयाला चालत नाही, कारण तो घशात अडकू शकतो. या मुलीने तीन वर्षांची हद्द ओलांडलेली असली तरी ती अजून बऱ्याच वस्तू तोंडात घालून बघायची, आणि हे खडे तर तुरीच्या डाळीएवढे. शेजारच्या खोलीतून आज्जींना यायला वेळ लागतो हेही धरायला हवं. ते खोकं त्याच दिवशी आईच्या पिशवीत परत पाठवायला ठेवलं.

चौथा, फोमच्या स्टिकरचा. याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मासा चिकटवायच्या जागी माशाची आकृती छापलेली होती, पंधरा मिनिटांत खेळ संपला.

काय ठरवलं

किटमुळे आज्जींचं वाकणं वाचत होतं आणि ते वाचायलाच हवं होतं. “मुलांना खेळू द्या, पसारा होऊ द्या” हे वाक्य आमच्या क्षेत्रात फार सहज बोललं जातं. बोलणाऱ्याला फरशी पुसायची नसते. दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईला तिच्या घरी जाऊन असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं, आणि त्याचा उपयोगही होत नाही. आपण जिना उतरलो की मोबाईल परत सुरू होतो. पण दुसऱ्या बाजूला, पसारा टाळायच्या नादात मुलीच्या हाताला कामच उरलं नव्हतं. म्हणून प्रत्येक किटला आम्ही एकच कस लावला: पसाऱ्याला कड घातली आहे, की मुलीच्या हातातलं कामच काढून घेतलं आहे? पहिलं हवं होतं, दुसरं नको होतं.

आणि क्रम असा ठरवला की सुरुवातीला हात कोरडा राहील, मग थोडं चिकटेल, मग माखेल.

सुरुवात पिशवीतल्या रंगाने केली. पॅकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानातला जाड झिप पाऊच घ्यायचा, त्यात पोस्टर कलरचे दोन रंग चमचा-चमचा घालायचे, हवा काढून झिप दाबायची आणि चारी बाजूंना रुंद चिकटपट्टी लावून पाऊच खिडकीच्या काचेवर मुलीच्या छातीच्या उंचीला चिकटवायचा. बोट फिरवलं की रंग सरकतो, मागून उजेड येतो, पिवळ्यात निळा मिसळून हिरवा होताना दिसतो. बोट कोरडंच. मुलगी पहिल्यांदा इथे रमली. दोन्ही तळवे लावून तिने सगळा रंग एका कोपऱ्यात ढकलला, मग परत पसरवला, मग नखाने त्यावर गोल काढले. गोल तिचे होते, छापलेले नव्हते. आज्जी खुर्चीत बसूनच बघत होत्या, त्यांना उठायची गरज पडली नाही.

दुसऱ्या आठवड्यात पाऊचचा खालचा कोपरा फाटला आणि निळा ओघळ खिडकीच्या कट्ट्यावर आला. पोस्टर कलर पाण्याने निघतो, त्यामुळे डाग राहिला नाही. मला वाटलं आज्जी आता हे बंद करतील. पण पुढच्या वेळी गेले तर त्यांनी एका पाऊचमध्ये दुसरा पाऊच घातला होता आणि खालच्या कडेला पट्टी दुहेरी दुमडून लावली होती, अगदी साडीला फॉल लावताना कड दुमडतात तशी. रंगाऐवजी कॉर्नफ्लोअरची खळ करून खाण्याचा रंग घातला तरी चालतं, पण पावसाळ्यात ती एक-दोन दिवसांत आंबते. तेवढं लक्षात ठेवून पाऊच टाकून द्यावा लागतो.

त्यानंतर चिकट कागद. पुस्तकांना लावतात ते पारदर्शक, चिकट कव्हर कपाटाच्या दारावर चिकट बाजू बाहेर करून लावलं, कडा पट्टीने धरल्या. त्यावर काहीही टेकवलं की बसतं, डिंक लागत नाही आणि बोट फक्त क्षणभर अडकतं. काय चिकटवायचं यावर आज्जी आणि मी बराच वेळ बोललो. त्यांनी आधी मूगडाळ आणली. ती नाका-कानात जायची भीती म्हणून नको म्हटलं. मी देव्हाऱ्यातल्या झेंडूच्या पाकळ्या सुचवल्या, तर निर्माल्य खेळायला द्यायचं त्यांना पटेना. ते योग्यच होतं. मग त्या उठल्या आणि मशीनच्या खणातून एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात वर्षानुवर्षांच्या चिंध्या: फॉलचे तुकडे, इरकलीच्या काठाची पट्टी, ब्लाउजपीसचं उरलेलं खणाचं कापड, जरीचे धागे.

त्या दुपारचं काम मी मुद्दाम जवळून पाहिलं. मुलीने खणाचा तुकडा उचलला, उलटा केला, परत सुलटा केला. कव्हरवर लावला. सोडवून बघितला, कव्हरने धरून ठेवला होता. ओढला, सुटला, बोटाच्या पेराला चिकटपणा जाणवला तसा तिने हात पुढे केला. आज्जींचा हात फडक्याकडे गेला. मी काही बोलले नाही. तेवढ्यात मुलीनेच तो हात मागे घेतला आणि जरीचा धागा उचलला, कारण आज्जी सांगत होत्या, “ही तुझ्या आत्याच्या लग्नातल्या साडीची जर हाय बघ.” पुढे दोघींची गोष्ट सुरू झाली. कुठलं कापड कुणाचं, हा लाल कुणाचा, हा मोरपंखी कुणाचा. चिंध्या संपेपर्यंत दार भरलं. खाली पडलेले चार-पाच तुकडे मुलीने स्वतः डब्यात टाकले. बाजारातल्या कुठल्याही खोक्यात हे येणार नव्हतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवताना पानं, बिया, शिंपले असं आसपास मिळणारं सामानच शिक्षणाचं साहित्य म्हणून वापरलं. बालशिक्षणाचं प्रशिक्षण घेताना आम्हाला ते शिकवलं जातं आणि आम्ही ते खेड्यातल्या बालवाडीपुरतं समजून सोडून देतो. मंगळवार पेठेतल्या शिलाई मशीनच्या खणात तेच होतं.

ओल्या कामासाठी आधी मागच्या मोरीकडच्या शहाबादी फरशीवर पाण्याने ब्रश फिरवायचा विचार होता. ओली झालेली फरशी काळी दिसते, वाळली की रेघ जाते, पुस्तकातल्या हत्तीपेक्षा मुक्त खेळ. पण ओल्या फरशीवरून आज्जी घसरल्या तर? तो बेत तिथेच सोडला. त्याऐवजी परातीत पाटी ठेवली आणि एका वाटीत दोन बोटं पाणी. सांडलं तरी परातीत. शेवटी त्याच परातीत कणकेचा गोळा, थोडं मीठ आणि तेल घालून मळलेला. आज्जी स्टुलावर बसून ओट्यावर चपात्या लाटतात. मुलगी शेजारी उंच खुर्चीवर, परात तिच्यापुढे. ज्वारीच्या पिठाचाही गोळा करून पाहिला, तो लगेच तडकतो, त्याला कणकेसारखा चिवटपणा नसतो.

मी केलं ते एवढंच की प्रत्येक खेळासाठी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत तीन ओळी मराठीत लिहून दिल्या: काय घ्यायचं, कुठे लावायचं, कधी टाकून द्यायचं. ते पुठ्ठे फ्रीजच्या दारावर आहेत. आईने ते बघून सांगितलं, “मॅडम, हे खोक्यात असतं तर मी एवढे पैसे घातले नसते.” तिला मी सांगितलं की पैसे वाया गेले असं धरू नको, पाण्याच्या पुस्तकाचा प्रवासात आणि दवाखान्यात बसून राहायच्या वेळी फार उपयोग होतो. घरात जागा आणि सोबत असताना मात्र त्याच्यापेक्षा जास्त देता येतं.

आत्ता कुठे आहे

गणपतीच्या आधी बालवाडीत परत शाडू आला. यावेळी ती पाटाशी बसली. आधी आइस्क्रीमच्या काडीने माती टोचली, मग अंगठ्याने दाबली, मग मूठ भरून घेतली आणि कणकेसारखा गोळा वळला. गोळा झाल्यावर हात पुसायला मागितलाच. तिच्या कमरेला आता तिचा स्वतःचा रुमाल असतो. तो मी दाखवला, तिने पुसलं आणि परत मातीकडे वळली. डिंकाला अजून हात लावत नाही. त्याची मला घाई नाही.

घरी मोबाईल पूर्ण बंद झालेला नाही. आज्जींचे गुडघे जास्त दुखतात त्या दिवशी तो लागतोच, आणि त्यावरून त्यांना कुणी काही बोलू नये असं मला वाटतं. खिडकीवरचा पाऊच अधूनमधून असतो. चिंध्यांचं दार मात्र टिकलं आहे. कव्हरचा चिकटपणा कमी झाला की आई नवीन तुकडा लावते, आणि शेजारच्या बायका आता उरलेल्या कापडाचे तुकडे आज्जींकडे आणून देतात.

एक गोष्ट मला अजून खटकते, ती प्लास्टिकची. पाऊच, चिकट कव्हर, पट्ट्या, हे सगळं शेवटी कचऱ्यात जातं. जुन्या पाऊचमधला रंग धुऊन तो परत वापरायचा प्रयत्न चालू आहे, पण कोपरे कमकुवत होतात. कापडी बोर्डावर कापडाचे तुकडे चिकटतात का ते पुढे बघणार आहोत. जुन्या ब्लँकेटवर लोकरीचे तुकडे बरे धरतात, सुती घसरतात.

दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतली मुलं किल्ला करतात. त्यासाठी माती मळायला घरमालकांनी खालच्या अंगणातला नळ वापरू द्यायचं कबूल केलं आहे. मुलीच्या आईने तिच्यासाठी जुना फ्रॉक बाजूला काढून ठेवला आहे, आणि आज्जी खाली उतरणार नाहीत म्हणून परतताना तिचे हातपाय नळावर धुवायचं काम तिसरीतल्या आत्तेभावाने अंगावर घेतलं आहे.